सहा एकरांचं काय करायचं? मराठवाड्यातल्या शेतीच्या पुढच्या वीस वर्षांबद्दल

प्रश्न विचारणारा तरुण छत्रपती संभाजीनगरजवळच्या करमाडच्या पलीकडच्या एका गावातला आहे. घरची सहा एकर, दोघं भाऊ, एक बहीण लग्न होऊन जालन्याला. हा स्वतः वाळूजच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार, धाकटा स्पर्धा परीक्षा देतोय, वडील पासष्टीचे आणि वावर अजून तेच बघतात. दोन एकराला विहिरीचं पाणी पुरतं, तेही जानेवारीपर्यंत; बाकी चार एकर जिरायत. गावात दलाल फिरतायत. त्याचं म्हणणं असं: सगळं शहराकडं चाललंय, तर आमच्यासारख्यांच्या शेतीला पुढं भविष्य आहे का, की भाव आहे तोवर विकून मोकळं व्हावं?

कृषी विस्तारात माझी हयात गेली, आता शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशोब आणि पीक नियोजन बघतो. थेट सांगतो. शेती राहणार आहे. पण सातबारा ज्याच्या नावावर आणि औत ज्याचं, ही दोन माणसं वेगळी होत चालली आहेत. तुम्ही भाऊ-भाऊ त्यातले कोण होणार, हे आधी ठरवा. विकायचं की नाही हे त्यानंतर ठरेल.

"सगळं शहराकडं चाललंय" हे अर्धंच खरं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ४५ टक्के लोक शहरात राहत होते. मराठवाड्यात तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा सोडला तर बाकीचे जिल्हे त्याच्या पुष्कळ मागं होते. जमीन आणि पाणी शहराकडं जातंय हे खरं, माणसं मात्र पुरती जात नाहीत. देशाच्या श्रमशक्ती पाहणीत २०१८-१९ साली शेतीवर कामाला असलेले लोक साडेबेचाळीस टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ४६ टक्के झाले. कमी व्हायचे ते वाढले. करोनात गावी आलेले सगळे परत गेले नाहीत, आणि बायकांच्या नावावर शेतीकाम जास्त नोंदलं गेलं. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास. शंभरातल्या ४६ जणांनी १८ रुपये वाटून घ्यायचे, असा हा मामला.

याचं कारण तुमच्याच घरात आहे. तुम्ही वाळूजला जाता, पण ठेकेदाराच्या हजेरीवर. उद्या ऑर्डर कमी झाल्या की घरी. अशा नोकरीच्या भरवशावर कुणी वावर सोडत नाही, आणि सोडूही नये. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१८-१९ मध्ये शेतकरी कुटुंबांची कमाई मोजली, तेव्हा देशाची सरासरी महिन्याला १०,२१८ रुपये निघाली. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकांचे ३,७९८. शेतकरी म्हणून मोजलेलं घरसुद्धा वावरापेक्षा मजुरीवर जास्त चालतं. म्हणून "शेतकरी की नोकरदार" असं एका घराला आता विचारता येत नाही. एकाच घरात दोन्ही असतात आणि बहुतेक वेळा पगाराचा पैसा खताच्या दुकानात जातो.

जमिनीचं मात्र वाटपच होत राहिलं. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी वहिती जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये १.३४. तुमची सहा एकर म्हणजे २.४ हेक्टर, सरासरीपेक्षा बरी दिसते. तिघांत वाटली की प्रत्येकी दोन एकर. बहिणीला मुद्दाम धरलंय. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हक्कसोड लिहून घेताना भाऊ साडी-चोळी देतात आणि विषय मिटला असं समजतात. जमिनीला शहरी भाव आला की हाच विषय दहा वर्षांनी कोर्टात उभा राहतो. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्याच्या बाजूला असे दावे कमी नाहीत.

आता हिशोब. सोयाबीन चांगलं आलं तर एकरी सात क्विंटल धरा. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्या हंगामात बहुतेक दिवस तो मिळाला नाही, ४,२०० धरू. एकराचे झाले २९,४००. नांगरट, पाळी, बियाणं, खत, दोन-तीन फवारण्या, काढणीचं गुत्तं, मळणी मिळून वीस हजारांच्या आत कुणाचंही येत नाही. उरले नऊ हजार, घरच्या माणसांची मजुरी न धरता. आणि समजा दलाल एकराला साठ लाख म्हणतोय. ते बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३ लाख ६० हजार. सोयाबीन, कापूस, तूर, मोसंबी, काहीही लावा, जिरायत एकराला एवढं सुटत नाही.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा. शेंद्र्याच्या टापूत जमीन ठेवणं हा शेतीचा निर्णय राहिलेला नाही, तो मालमत्तेचा निर्णय आहे. "काळी आई विकू नये" म्हणणाऱ्यांच्या भावनेचा मी मान राखतो, पण ती भावना तुमच्या धाकट्या भावाच्या खानावळीचं बिल भरत नाही. उलट "विकून टाका, शेतीत काही राहिलं नाही" म्हणणारे बहुतेक दलालाच्या गाडीतून आलेले असतात.

विकलेल्या पैशाचं काय होतं ते मी औद्योगिक पट्ट्यात आणि समृद्धी महामार्गाच्या कडेच्या गावांत बऱ्यापैकी जवळून पाहिलंय. ज्यांनी त्याच वर्षात आतल्या भागात, कन्नड, फुलंब्री, भोकरदनकडं, पाण्याची जमीन घेतली, त्यांची घरं आज उभी आहेत, काहींची तर दुप्पट वावरावर. ज्यांनी आधी बंगला, मग गाडी, मग लेकीचं लग्न आणि उरलेलं पाहुण्याला उसनं असा क्रम लावला, त्यांच्यातले काही आता त्याच औद्योगिक वसाहतीत रखवालदार आहेत. यात नशिबाचा भाग फार कमी होता. पैसे हातात यायच्या आधी घरात बसून कुणी ठरवलं होतं आणि कुणी नव्हतं, एवढाच फरक.

विकायचंच ठरलं तर काही गोष्टी दलाल सांगणार नाही. सगळी जमीन विकली तर तुमचा शेतकरी दाखला जातो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. मराठवाड्यात तर जुना हैदराबाद कूळ कायदा लागू आहे. म्हणून एक तुकडा, तोही प्रमाणभूत क्षेत्राच्या (ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही त्याच्या) वरचा, नावावर राहू द्या. २०२३ पासून हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २, ते बघा. निजामकाळातल्या इनामी, मदतमाश जमिनी आपल्याकडं पुष्कळ आहेत आणि वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकली तर व्यवहारच अडचणीत येतो. नोटरीवर गुंठा-गुंठा विकणाऱ्याच्या नादी लागू नका. तुकडेबंदीत आता काय सवलत मिळणार याच्या बातम्या येतात, पण बातमीच्या भरवशावर सही करायची नसते. आणि कर. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागतो. दहा लाखांच्या आतल्या शहराला हे अंतर सहा आणि एक लाखाच्या आतल्या नगरपालिकेला दोन किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेत छत्रपती संभाजीनगर अकरा लाखांवर होतं, तेव्हा तुम्हाला आठचा नियम. तुमचं गाव बहुधा त्याबाहेर आहे, तरी अंतर मोजून लेखी घ्या. रस्त्याचं अंतर चालत नाही. आत निघालं तरी दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सूट मिळते, ती चार्टर्ड अकाउंटंटकडून समजून घ्या.

आता समजा विकलं नाही, किंवा दोन एकर विकून चार ठेवली. मग काय पिकवायचं?

शहर वाढतं तसं त्याचं ताट बदलतं. २०२२-२३ च्या उपभोग खर्च पाहणीत शहरी घराच्या खर्चात धान्याचा वाटा चार टक्क्यांच्याही खाली आला. दूध, फळं, तयार खाणं यांचा वाढला. म्हणजे वीस किलोमीटरवर पंधरा-सोळा लाख पोटांचं शहर असताना तुम्ही सोयाबीन पेरता तेव्हा त्या शहराशी तुमचा संबंधच येत नाही. तुमचा भाव आंतरराष्ट्रीय बाजार आणि दिल्लीतलं आयात शुल्क ठरवतं. हे ऐकून बरेच जण उड्या मारत भाजीपाल्याकडं जातात आणि पहिल्याच उन्हाळ्यात हात पोळून घेतात. कारण ज्या शहराला भाजी हवी तेच शहर मजूर ओढून नेतं. शेंद्र्याला हजेरी मिळत असताना तुमच्या मेथीच्या जुड्या बांधायला कोण येणार? सालगडी गुढीपाडव्याला लाख-सव्वा लाखाच्या पुढंच बोलायला सुरुवात करतो, आणि मिळाला तर नशीब. म्हणून शहराजवळ पीक निवडताना आधी माणूस मोजा. घरातली किती माणसं, दिवसातले किती तास, हे कागदावर लिहा.

तुमच्या घरात वडील आणि आई, आणि रविवारी तुम्ही. एवढ्या बळावर पाच-सहा म्हशींचा गोठा होत नाही, दोन होतात. दोन एकर बागायतीत पेरू किंवा सीताफळ होतं, कारण काम ठरावीक महिन्यांत येतं आणि तोडणी सकाळी दोन तासांत उरकते. बीडच्या सीताफळाला, मराठवाड्याच्या केशर आंब्याला, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाने आपोआप भाव वाढत नाही, पण शहरात नाव सांगून विकता येतं. उरलेल्या जिरायतीतल्या अर्ध्या एकरात रब्बीला हुरड्याची ज्वारी टाका. पोष-माघात शहरातली माणसं गाड्या घेऊन हुरडा खायला शिवारात येतात आणि धान्य करून विकण्यापेक्षा कणसाला कितीतरी जास्त पैसे सहज देतात. जालन्याच्या दगडी ज्वारीलाही २०२४ मध्ये मानांकन मिळालं, तेव्हा या जुन्या पिकांना मातीमोल समजू नका.

एक आडवी गोष्ट सांगून टाकतो. शहराच्या खालच्या अंगाला, खाम नदीच्या काठानं, सांडपाणी उपसून पालेभाजी करणारे दिसतात. पाणी बारमाही, खतही फुकट, म्हणून मोह होतो. कच्च्या खायच्या भाज्यांवर हे पाणी सोडणं म्हणजे विष विकणं आहे. प्रक्रिया केलेलं पाणी चारा, ऊस, कापूस, तुतीला द्यायला हरकत नाही, आणि पुढच्या काळात ते सरकारला शेतीकडं वळवावंच लागेल. कारण ताजं पाणी उरणार नाही.

पाण्याबद्दल सविस्तर बोलतो, कारण मराठवाड्यात शेतीचं भविष्य जमिनीच्या भावाने ठरत नाही, पाण्याच्या रांगेत आपला नंबर कितवा यावर ठरतं. पिण्याचं पाणी पहिलं, त्यावर वाद नाही. २०११ मध्ये शासनाने शेतीला उद्योगाच्या पुढं, दुसऱ्या नंबरवर ठेवलं. कागदावर. पण पहिल्या नंबरची मागणी दर वर्षी वाढते आणि धरण तेवढंच. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणात जिवंत साठा ७६ टीएमसी (अब्ज घनफूट), कालव्याखालचं नियोजित क्षेत्र १ लाख ८३ हजार हेक्टर. १९७६ मध्ये धरण झालं तेव्हा आठमाही पिकांचं गणित होतं. कालव्याच्या वरच्या अंगाला ऊस वाढला आणि डाव्या कालव्याच्या शेपटाला, परभणीकडच्या शेतकऱ्याला, पाणी भरवशाचं कधीच राहिलं नाही. वर नाशिक-नगरची धरणं. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा आहे, मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणं १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला तेव्हा किती आंदोलनं झाली ते तुम्हाला आठवत असेल. त्यात छत्रपती संभाजीनगर शहर, त्याची नवी पाणी योजना, ऑरिक ही शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी, बिअरचे कारखाने, सगळे तिथूनच पितात. दुष्काळी वर्षात आवर्तन कुणाचं कापलं जातं हे सांगायची गरज नाही.

लातूरकरांनी २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं. त्याच मांजरा खोऱ्यात ऊस उभा होता. मी ऊस लावणाऱ्याला दोष देत नाही. कारखाना दाराशी येऊन तोडतो, एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) ठरलेली असते, चोरी होत नाही, पगारदार माणसाला महिन्यातून दोन चकरा पुरतात. पुणे-मुंबईत राहून शेती करणाऱ्याचं ते आवडतं पीक आहे आणि त्याचं कारण हेच. शहरीकरण आणि ऊस यांचं हे नातं कुणी बोलून दाखवत नाही: शेतात माणूस कमी झाला की कमी पाण्याची पण जास्त कामाची पिकं, म्हणजे डाळी, भुईमूग, भाज्या, मागं पडतात आणि जास्त पाण्याचं आळशी पीक पुढं येतं. ठिबक सक्तीचं केल्याशिवाय आणि तुरीला उसासारखी ठरलेली खरेदी मिळाल्याशिवाय हे फिरणार नाही.

पाण्याचं जमवलेली गावंही आहेत. जालना तालुक्यातलं कडवंची बघून या, तुम्हाला तासाभरावर आहे. १९९६ नंतर तिथं पाणलोटाची कामं माथ्यापासून पायथ्याकडं शिस्तीत झाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसं गावात मुक्काम ठोकून होती, मग शेततळी आणि द्राक्षं आली. तिथून शेततळ्याचा प्लास्टिक कागद तेवढा उचलून आणलेल्या गावांची मात्र फसगत झाली. पावसाचं वाहतं पाणी धरायला शेततळं असतं. बोअरने जमिनीतलं उपसून त्यात भरून ठेवलं तर पाणी वाढत नाही, शेजाऱ्याच्या विहिरीतलं आपल्या तळ्यात येतं आणि वर उन्हाने उडतं. अनुदानाच्या फायलीत दोन्ही सारखीच दिसतात.

आणि आता पाऊस पडतो तेव्हा सरासरीचं गणित काही उपयोगाचं राहत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडं नद्यांनी काठची माती खरवडून नेली. ऐन काढणीच्या तोंडावर सोयाबीन पाण्यात. ज्यांनी रुंद वरंबा सरीवर पेरलं होतं त्यांचं माळावर तरी वाचलं. नदीकाठी काहीच उपयोग झाला नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ हे तंत्र कितीतरी वर्षं सांगतंय. पेरणी यंत्र भाड्याने मिळत नाही, ही खरी अडचण.

याच पुरात मला जे सगळ्यात जास्त टोचलं ते सांगतो. मदत सातबारावाल्याच्या खात्यात जमा झाली. ज्याने ती जमीन बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) केली होती, बियाणं-खत ज्याचं वाहून गेलं, त्याला मालकाने मनाने दिलं तर मिळालं. मालक पुण्यात, त्याला फोनवर मेसेज आला, पैसे आले. मराठवाड्यात आज कुठल्याही गावात बसून विचारा, निम्म्या नाही तरी बऱ्याच शिवाराची अशीच तोंडी बोली चालू आहे. पीक कर्ज मिळत नाही, विम्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, हमीभावाच्या नोंदणीला पुन्हा सातबारा. मालक कागद का करत नाही? कूळ लागेल म्हणून. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने संरक्षित कुळांना हक्क मिळाले, ते त्या काळी रास्तच होतं, पण त्याची भीती तिसऱ्या पिढीतही गेली नाही. परिणाम असा, की मालक दर पाडव्याला कसणारा बदलतो, आणि ज्याला पुढच्या वर्षाची खात्री नाही तो शेणखत कशाला टाकेल, बांध कशाला घालेल? नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाड्याने देण्याचा आदर्श कायदा सुचवला: मालकी सुरक्षित, कसणाऱ्याला कर्ज आणि विमा. माझ्या मते या भागातल्या शेतीचं पुढं काय होणार, हे ड्रोन आणि मोबाइल ॲपपेक्षा या एका कागदावर जास्त अवलंबून आहे. शहरात गेलेल्याची जमीन आणि गावात राहिलेल्याचे हात यांना जोडणारं दुसरं काही नाही.

तुम्हाला हे लांबचं वाटेल, पण वडिलांचं वय बघता तीन-चार वर्षांत तुम्ही मालक होऊन बसणार आहात आणि कुणीतरी भूमिहीन किंवा दोन एकरवाला तुमच्याकडं बटई मागायला येणार आहे. तेव्हा त्याला तीन-पाच वर्षांचा नोंदणी केलेला करार द्या. तुमची मालकी त्यात स्पष्ट लिहा, वकिलाकडून तपासा, मोबदला ठोक ठरवा. तोच माणूस तुमची जमीन सांभाळेल.

भावाचं राजकारणही शहराकडं सरकलंय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या घरात होतं. त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, कारण कोंबडी-अंडी महाग झाली होती. २०२४ च्या सप्टेंबरात खाद्यतेलाचं शुल्क वाढवलं, २०२५ च्या मे महिन्यात कच्च्या खाद्यतेलाचं पुन्हा कमी केलं. तुरीची आयात २०२६ च्या मार्चपर्यंत शुल्कमुक्त ठेवली. २०२५ च्या ऑगस्टात कापसाचं ११ टक्के शुल्क काही महिन्यांसाठी काढलं, गिरण्यांसाठी. सरकार कुठलंही असो, खाणारे मतदार वाढतात आणि पिकवणारे विखुरतात, तसा हा कल वाढतच जाणार. म्हणून शहरातला माणूस जे रोज घेतो आणि बोटीतून स्वस्तात येत नाही, दूध, ताजी फळं, पालेभाजी, हुरडा, तिकडं जितकं सरकता येईल तितकं सरका. जे धान्य पिकवाल ते काढणीच्या आठवड्यात घालू नका. पणन मंडळाच्या तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा टक्के व्याजाने, सहा महिने कर्ज मिळतं. भाव वाढेलच असं नाही, पण आडत्याच्या पुढं घाईने उभं राहावं लागत नाही.

शहरापासून लांबच्या भागाचं सांगायचं तर तिथं मला रेशीम सगळ्यात आशेचं वाटतं. तुती पाणी तुटलं तरी जगते, वर्षात चार-पाच वेळा कोष निघतात, घरातली बाई आणि म्हातारी माणसं संगोपनगृह सांभाळतात. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. २०१८ मध्ये जालन्यात बाजार झाला. भाव वर-खाली फार होतो आणि शेजारच्या कापसावरची फवारणी उडून आली की अख्खी बॅच जाते, हे धरून चाला. वसमतकडच्या हळदीचं, निलंग्याच्या बोरसुरी तुरीच्या डाळीचं तसंच: पीक जुनं, त्याच्यावर गावातच एक टप्पा प्रक्रिया झाली तर पैसा गावात राहतो.

उत्पादक कंपन्यांबद्दल फार मोठ्या गोष्टी सांगितल्या जातात. मी त्यांच्यातच काम करतो म्हणून सांगतो, निम्म्या फक्त अनुदानासाठी काढलेल्या आहेत. चालतात त्या कंपन्या एकच साधं काम चोख करतात: चाळणी-प्रतवारी, बियाणं, किंवा अवजारांचं भाडं. तुमच्या भागात अवजारांचं भाडं चालेल. धाकटा भाऊ परीक्षा देत असेल तर देऊ दे, पण वयाची मर्यादा संपेपर्यंत तेच करत बसू नये. वरंबा सरीचं पेरणी यंत्र, मळणी यंत्र आणि फवारणी घेऊन तीस-चाळीस शेतकऱ्यांचं काम उचललं तर शेंद्र्याच्या कंत्राटी पगाराएवढं सुटतं. गावातले मालक शहरात आहेत, त्यांना तेच हवंय. त्याआधी पाणंद रस्ता मोकळा लागतो. तुमच्या शिवारातला रस्ता कुणी नांगरून बांधात घातला असेल तर आधी तहसीलला अर्ज करा. हार्वेस्टर बांधावरून उडून येत नाही.

माझ्या मते तुम्ही जिरायतीतली दोन एकर विकायला हरकत नाही, चांगला भाव आणि सरळ कागद असेल तर. त्या पैशातून आधी बहिणीचा हिस्सा बहिणीच्या खात्यात द्या. मग विहिरीचं काम, ठिबक, दोन एकर फळबाग. उरलेल्यात आत पाण्याच्या भागात जमीन, आणि ती घेताना मे महिन्यात जाऊन विहीर बघा, श्रावणात नाही. राहिलेली जिरायत दोन एकर विकू नका. वाळूजचं काम सुटलं तर तीच आहे. आईचं नाव सातबाऱ्याला लावून घ्या, वावरात तिचं काम वडिलांपेक्षा कमी नसणार.

दलाल इसार पावतीसाठी घाई करेल, "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणेल. त्याला सांगा, मोजणी होऊन हद्दीच्या खुणा रोवल्याशिवाय सही होणार नाही. भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज आजच टाका, नंबर लागायला वेळ जातो.